४.३ भावंडांतील विचारसंघर्ष : ‘हॉक अँड डव्ह’

परस्परविरोधी विचारांची दोन पात्रे एकाच घरातील असली, म्हणजे कथेतील संघर्षाचे स्वरूप कसे बदलते, हे आपण एका अमेरिकन चित्रकथेच्या आधारे पाहू.

स्टीव्ह डिटको आणि स्टीव्ह स्कीट्स यांची ‘हॉक अँड डव्ह’ ही चित्रकथा डीसी कॉमिक्सने १९६८ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात प्रसिद्ध केली. त्या काळी अमेरिकेत युद्धसमर्थकांना ‘हॉक’ म्हणजे ससाणा आणि शांततावाद्यांना ‘डव्ह’ म्हणजे कबूतर म्हटले जाई. कथेतील हँक बळाचा वापर योग्य मानतो. त्याचा भाऊ डॉन हिंसेला नकार देतो. न्यायाधीश असलेल्या वडिलांचा जीव धोक्यात येतो, तेव्हा एक अज्ञात वाणी दोघांनाही अद्भुत शक्ती बहाल करते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, डॉनलाही शक्ती मिळाल्यामुळे त्याची अहिंसा ही दुर्बळाची असहायता राहत नाही. ती त्याने जाणीवपूर्वक केलेली निवड ठरते. दुसरी, विरोधक सख्खा भाऊ असल्याने त्याला शत्रू ठरवून वाद मिटवता येत नाही. वडिलांना तर कायदा हाती घेणारे मुखवटाधारी वीरच मान्य नाहीत. त्यामुळे ‘हिंसा की अहिंसा’ या प्रश्नाच्या मुळाशी असलेला ‘न्याय करण्याचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न पुढे येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : वडील न्यायाधीश नसते, तर या कथेतील संघर्षात काय उणे राहिले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.