माकड आणि जंतू

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीची लेणी पाहावयास जाताना वाटेत माकडांच्या टोळ्या भेटतात. त्यांना पाहून बालमनास हर्ष होतो. परंतु त्या माकडांच्या, आणि आपल्याही, आतड्यांत जो एक अतिसूक्ष्म जीव नांदतो, त्याचे स्मरण कोणास होते? त्या जंतूचे नाव एशेरिकिया कोलाय. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. या दोन जीवांची तुलना आम्ही येथे योजिली आहे.

माकडाचा देह असंख्य पेशींचा. जंतूचा एकाच पेशीचा, आणि तीत केंद्रकही नाही. असे सुमारे ५०० जंतू एका ओळीत मांडावे, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. माकडीण सुमारे साडेपाच महिने गर्भ वाहते व बहुधा एकच पिल्लू प्रसवते. जंतू मात्र परिस्थिती अनुकूल असता २० मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतात. या हिशेबाने १० तासांत एकाचे १०७ कोटी होतील! अन्न संपते, म्हणूनच ही वाढ थांबते. इतका भेद असूनही दोघांचा आनुवंशिक लेख डी. एन. ए. या एकाच द्रव्यात लिहिलेला आहे, ही सृष्टिकर्त्याची केवढी थोर लीला!

आता मुख्य मुद्दा. हे दोघेही आपल्या वर्तनाने बदलतात. आपण माकडास केळे दिले की ते मागावयास शिकते. त्याचे पाहून पिल्ले शिकतात. पुढे तेच माकड हातातील पिशवी हिसकावते, प्रसंगी चावते. म्हणूनच उद्यानात त्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे. जंतूस पाहून शिकता येत नाही. परंतु वैद्याच्या सल्ल्यावाचून आपण जंतुनाशक औषधे घेतली, तर दुर्बळ जंतू मरतात आणि औषधास न जुमानणारे उरतात. त्यांचीच संतती वाढते. इतकेच नव्हे, तर ते आपला हा गुण शेजारच्या जंतूंसही देऊ शकतात. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच या धोक्याची सूचना दिली होती.

हा जंतू बहुधा निरुपद्रवी असतो. त्याच्या काही जाती मात्र अतिसार उत्पन्न करतात. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, माकडास दुरून पाहा, जेवणापूर्वी हात साबणाने धुवा, आणि औषध वैद्यास विचारूनच घ्या. पालकांनीही हाच कित्ता घालून द्यावा. कारण पाहून शिकणे हा केवळ माकडांचाच गुण नव्हे!