संवादप्रधान चित्रपट: श्राव्यतेचा प्रश्न

१

एखाद्या चित्रपटातील पात्रे पुष्कळ बोलतात असे आढळले, की ‘हे तर चित्रित नाटक’ असा शेरा मारून त्याची बोळवण करण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ आहे. चित्रपट हे दृश्यमाध्यम असल्याने त्याची गती कृतीतूनच निर्माण झाली पाहिजे, शब्द हा त्याच्याकडे नाटकाकडून आलेला उसना ऐवज आहे, असे गृहीत या शेऱ्यामागे असते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी काही निवडक चित्रपटांच्या आधारे केली आहे.

प्रथम व्याख्येचा प्रश्न. संवादांची विपुलता हे संवादप्रधानतेचे लक्षण मानता येत नाही. पुष्कळ चित्रपटांत पात्रे सतत बोलतात, पण त्यांच्या बोलण्यातून केवळ इतरत्र घडलेल्या घटनांची माहिती मिळते. ते बोलणे वगळून माहिती अन्य मार्गाने पुरवली तरी कथानक अबाधित राहते. ज्या चित्रपटात कथानकातील मुख्य बदल बोलण्याच्या क्षणीच आणि बोलण्यामुळेच घडून येतो, तो संवादप्रधान चित्रपट होय.

शब्द हीच कृती असू शकते, हा विचार आता अपरिचित राहिलेला नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तो पद्धतशीरपणे मांडला. वचन देणे, शिक्षा सुनावणे, क्षमा मागणे या गोष्टी उच्चारातूनच घडतात. मात्र उच्चार सफळ होण्यासाठी तो कोणीतरी ऐकावा लागतो आणि त्या अर्थाने स्वीकारावा लागतो. या ऐकणाऱ्याची दखल भारतीय नाट्यशास्त्राने फार पूर्वी घेतली आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यातील उक्तीचे वर्गीकरण ती कोणाला ऐकू जाते या निकषावर केलेले आढळते. सर्वांना ऐकू जाणारे ते सर्वश्राव्य म्हणजे ‘प्रकाश’. काहींनाच ऐकू जाणारे ते नियतश्राव्य, ज्यात ‘जनान्तिक’ आणि ‘अपवारित’ येतात. आणि कोणालाही ऐकू न जाणारे ते अश्राव्य म्हणजे ‘स्वगत’.

रंगभूमीवर श्राव्यतेचा हा निर्णय संकेताने होतो. चित्रपटात तो कॅमेरा, ध्वनी आणि संकलन यांच्यामार्फत होतो. बोलणाऱ्याच्या वाक्याच्या वेळी पडद्यावर कोणाचा चेहरा असावा, तो किती जवळून दिसावा, हे प्रत्येक चित्रचौकटीत ठरवावे लागते. म्हणून संवादप्रधान चित्रपटाचे चित्रपटपण बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चित्रणात शोधणे अधिक फलदायी ठरते.

२

सिडनी ल्युमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) हा या प्रकाराचा सर्वपरिचित नमुना. रेजिनाल्ड रोझ यांच्या १९५४ सालच्या दूरचित्रवाणी-नाटकावर तो आधारलेला आहे. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या एका तरुणाचे भवितव्य ठरवण्यासाठी ज्यूरीचे बारा सभासद एका खोलीत बसतात. पहिल्या मतदानात अकरा जण त्याला दोषी ठरवतात, आठवा सभासद तेवढा विरोधी मत देतो. सुमारे दीड तासाच्या या चित्रपटात कॅमेरा त्या खोलीबाहेर जवळजवळ जातच नाही.

दृश्यबाजूला येथे काही काम नाही असा समज होण्याचा संभव आहे. ल्युमेट यांनी आपल्या पुस्तकात या चित्रपटाची छायालेखन-योजना स्पष्ट केली आहे. आरंभीचा भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला त्या पातळीवरून आणि अखेरचा खालून चित्रित केला आहे; सोबत अधिकाधिक लांब केंद्रांतराची भिंगे वापरत नेली आहेत. परिणामी भिंती जवळ आल्याचा भास होतो आणि शेवटी छतही दिसू लागते. खोली तीच राहते, पण तीत एकमेकांचे ऐकून घेणे टाळणे अशक्य होत जाते.

कथानकातील कळीचा पुरावाही श्राव्यतेचाच आहे. आरोपीने ‘ठार मारीन’ अशी धमकी दिल्याचे आपण ऐकले, असे एका वृद्ध साक्षीदाराने सांगितलेले असते. आठवा सभासद दाखवून देतो, की त्याच वेळी खिडकीबाहेरून आगगाडी धडधडत जात होती, तेव्हा ते शब्द ऐकू येणे अवघड होते. दुसरा प्रश्न त्या शब्दांच्या अर्थाचा. संतापात ही धमकी कोणीही देतो, तिचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो, असे आठव्याचे म्हणणे. तिसऱ्या सभासदाला ते मान्य नसते. पुढे हाच तिसरा सभासद क्रोधाने आठव्याच्या अंगावर धावून जातो आणि तीच धमकी देतो. ती खरोखरीची आहे का, एवढेच आठवा शांतपणे विचारतो. जे दीर्घ युक्तिवादाने सिद्ध झाले नसते, ते तिसऱ्याच्या स्वतःच्या तोंडून, अकरा श्रोत्यांसमक्ष सिद्ध होते.

याहून महत्त्वाचा प्रसंग दहाव्या सभासदाचा. तो आरोपीच्या जमातीविषयी विखारी भाषण सुरू करतो. त्याला कोणी प्रतिवाद करीत नाही. एकेक जण टेबलावरून उठतो, दूर जाऊन पाठ करून उभा राहतो. बोलणारा बोलतच राहतो, परंतु त्याचे भाषण हळूहळू सर्वश्राव्याचे अश्राव्य होते. ऐकणे काढून घेणे हीही एक कृती आहे, हे येथे पूर्णतः दृश्य साधनांनी व्यक्त झाले आहे. छापील संहितेत हा प्रसंग एका लांब उताऱ्यापेक्षा अधिक काही वाटणार नाही.

बासू चटर्जी यांनी याच कथेवर ‘एक रुका हुआ फ़ैसला’ (१९८६) हा हिंदी चित्रपट केला, तेव्हा भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरलेले नव्हते. तरीही भारतीय प्रेक्षकाला तो परका वाटला नाही. त्याचे कारण कथेच्या कायदेशीर चौकटीत सापडत नाही. बहुमताच्या खोलीत एकट्याचे म्हणणे ऐकून घेतले जाईल का, या प्रश्नात ते सापडते.

३

श्राव्यतेचा हा व्यापार न्यायनिवाड्याच्या कथांपुरता मर्यादित नाही. फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेर यांच्या ‘माय नाइट अॅट मॉड्स’ (१९६९) मध्ये पास्कालच्या जन्मगावी, क्लेर्माँ-फेराँ येथे, एक श्रद्धाळू कॅथलिक अभियंता घटस्फोटित मॉडच्या घरी रात्र घालवतो. रात्रभर पास्काल, श्रद्धा आणि विवाह यांवर चर्चा होते. नायक आपल्या तत्त्वांविषयी जे बोलतो ते आणि मॉड ते ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते, या दोहोंच्या अंतरात चित्रपटाचा विनोद आणि करुणा दोन्ही आहेत. अखेरीस, पाच वर्षांनंतर समुद्रकिनारी, पत्नीच्या पूर्वायुष्याचा मॉडशी असलेला संबंध नायकाच्या ध्यानात येतो. त्या क्षणी तो पत्नीला मॉडविषयी एक असत्य सांगतो. आयुष्यभर तत्त्वाचा उच्चार करणारा हा मनुष्य प्रथमच ऐकणाऱ्याकडे पाहून बोलतो, आणि ते वाक्य खोटे असते. चित्रपटातील सर्वांत नैतिक कृती कोणती, हा विवाद त्यामुळे प्रेक्षकासाठी खुला राहतो.

४

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये दिसते. ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट केला. लीला बेणारेची भूमिका दोन्ही वेळा सुलभा देशपांडे यांनी केली, तर छायालेखन गोविंद निहलानी यांचे होते.

वेळ काढण्यासाठी सुरू झालेल्या लटक्या खटल्यात बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळातील उक्ती खऱ्या होत जातात. गावातल्या सामंताने एका कादंबरीतून उचललेली वाक्येसुद्धा साक्ष म्हणून स्वीकारली जातात. सगळे ऐकले जाते. अपवाद फक्त आरोपीच्या म्हणण्याचा. तिला बोलण्यासाठी अवधी दिला जातो आणि ती दीर्घ निवेदन करते, त्या वेळी इतर पात्रे निश्चल झालेली असतात. अवधी संपतो. न्यायालयाच्या लेखी आरोपीने काहीही सांगितलेले नसते. स्वरूपतः हे निवेदन ‘प्रकाश’ असायला हवे, कारण तो आरोपीचा बचाव आहे. न्यायालय त्याचे ‘स्वगत’ करून टाकते. स्वगताचा रूढ संकेत अशा रीतीने सामाजिक आरोपपत्र बनतो.

याच ठिकाणी दोन माध्यमांतील फरक स्पष्ट होतो. नाट्यगृहातील प्रेक्षकाला बोलणारी बेणारे आणि न ऐकणारे इतर एकाच वेळी दिसतात. कॅमेऱ्याला निवड करावी लागते. समीपदृश्य घेतले तर न ऐकणारे चौकटीबाहेर जातात; दूरदृश्य घेतले तर बोलणारीचा चेहरा हरवतो. ‘चित्रित नाटक’ हा शेरा या निवडीचा विचारच करीत नाही.

तेंडुलकर आणि निहलानी ‘आक्रोश’ (१९८०) मध्ये पुन्हा एकत्र आले. या वेळी दिग्दर्शनही निहलानींचे होते. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू आपल्या वकिलाशीही बोलत नाही. बेणारे बोलते आणि ऐकली जात नाही. लहान्या ऐकले जाणार नाही हे जाणून बोलतच नाही. त्याच्या मौनाभोवती वकिलांचे, पोलिसांचे, प्रतिष्ठितांचे बोलणे फिरत राहते. शेवटची किंकाळी शब्दरूप घेत नाही, तरी चित्रपटातील एकमेव सर्वश्राव्य उक्ती तीच ठरते.

५

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा या परंपरेतील पुढचा टप्पा. लोकशाहीर नारायण कांबळे याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो. म्हणजे खटला उक्तीच्या परिणामाचाच आहे. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये कॅमेरा क्रमशः जवळ येतो, ‘कोर्ट’मध्ये तो दूर आणि बहुतांशी स्थिर राहतो. साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश त्याचा सारांश टंकलेखकाला सांगतात. बोललेले आणि नोंदले गेलेले यांतील दरी प्रेक्षकाला सतत दिसत राहते. मृत कामगाराची पत्नी साध्या शब्दांत सांगते, की त्याला सुरक्षेची साधने मिळत नव्हती. ते ऐकणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात खटल्याचा निकाल तिथेच लागतो, न्यायालयाचे काम मात्र पुढे चालू राहते. सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा अंधाऱ्या रिकाम्या दालनात थांबून राहतो: श्रोताच नसलेले न्यायालय. अखेरच्या दृश्यात सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात. मुले ओरडून त्यांना जागे करतात, तेव्हा ते एका मुलाला थप्पड मारतात. ज्याचे कर्तव्य ऐकणे हे आहे, त्याची ही प्रतिक्रिया आहे.

६

या विवेचनातून अध्यापनासाठी काही सूचना निघतात. महाविद्यालयांत नाटक आणि पटकथा बहुधा संहितेच्या रूपाने वाचल्या जातात आणि संवादांचे विश्लेषण बोलणाऱ्या पात्राच्या स्वभावापुरते थांबते. त्याला तीन प्रश्नांची जोड देता येईल. हे वाक्य कोणापर्यंत पोहोचते? ते उच्चारले जात असता पडद्यावर कोण आहे? आणि ते न ऐकण्याचा अधिकार कोणाला आहे? तिसरा प्रश्न तंत्राचा उरत नाही. बेणारे, लहान्या आणि सफाई कामगाराची पत्नी यांच्या बाबतीत न ऐकण्याचा अधिकार क्रमशः प्रतिष्ठित मध्यमवर्गाकडे, गावच्या सत्ताधाऱ्यांकडे आणि कार्यपद्धतीच्या आड बसलेल्या व्यवस्थेकडे आहे.

संवादप्रधान चित्रपटात कृती नसते, हे विधान म्हणूनच स्वीकारता येत नाही. तेथे ऐकणे आणि ऐकण्यास नकार देणे याच मुख्य कृती असतात. शब्दांची संख्या मोजून चित्रपटाला नाटकी ठरवणारी समीक्षा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.