बरोबरी आणि छापा-काटा

गेल्या हिवाळ्यात पनवेलजवळच्या एका गावी रात्रीच्या कबड्डी स्पर्धेत आमच्या संघाचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला. मग पाच-पाच चढाया झाल्या. तेथेही गुण समान! नंतर सुवर्ण चढाई. त्यांच्या गड्याने निदान रेषा ओलांडून एक गुण मिळवला व लगेच त्याची पकड झाली, म्हणजे आम्हालाही एक. आमच्या वतीने मी गेलो. मीही रेषा ओलांडली आणि मीही सापडलो. अखेर पंचांनी खिशातून नाणे काढले. आम्ही छापा मागितला, काटा पडला.

नियमपुस्तकात अशी तरतूद आहे, तेव्हा पंचांना दोष नाही. पण घरी आल्यावर वडिलांनी विचारले, “नाणंच टाकायचं होतं, तर मग खेळलात कशाला?” वडिलांनी शाळेची पायरी चढलेली नाही, परंतु या प्रश्नाचे उत्तर मला महाविद्यालयात येऊनही देता येईना. प्रस्तुत लेख त्या अडचणीतून जन्मला आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. नाणेफेक निःपक्षपाती असते, कारण दोन्ही बाजूंना संधी सारखी. पण निःपक्षपाती म्हणजे न्याय्य नव्हे. कोण चांगले खेळले हे नाण्याला कळत नाही. १९६८ साली युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इटली व सोव्हिएत रशिया यांचा निकाल नाण्यावरच लागला आणि इटली अंतिम फेरीत गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, पेनल्टी किकांची पद्धत नियमात आली. तीत निदान चेंडूला पाय तरी लावावा लागतो!

तरीही त्या पद्धतीत एक वैगुण्य आहे. अकरा जणांचा खेळ अखेर एकेकट्यावर येऊन पडतो. रग्बीत तर याचा कळस झाला. रग्बी आपल्याकडे फारशी परिचित नाही. धक्काबुक्की, झटापट आणि धावाधाव असा तो पंधरा गड्यांचा सांघिक खेळ. २००९ साली कार्डिफ येथे युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कार्डिफ ब्लूज व लेस्टर टायगर्स जादा वेळेनंतरही २६-२६ असे बरोबरीत राहिले. मग एकेकाने खांबांमधून चेंडू मारायचा होता. ज्यांनी सामन्यात कधी असा चेंडू मारला नसेल, अशा धिप्पाड गड्यांवरही ती पाळी आली. कार्डिफचा मार्टिन विल्यम्स चुकला आणि लेस्टरने ७-६ ने बाजी मारली. ज्या कामासाठी गड्याला संघात घेतलेच नाही, त्या कामात त्याची परीक्षा घेणे मला तरी पटत नाही.

क्रिकेटमधील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड व न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा, सुपर ओव्हरमध्येही १५-१५. आणि विश्वचषक इंग्लंडला, कारण त्यांचे चौकार-षटकार २६ व न्यूझीलंडचे १७. गडी मोजले असते तर न्यूझीलंडचे आठच बाद होते, इंग्लंडचे सर्व दहा! म्हणजे काय मोजायचे हे ठरवणाराच विजेता ठरवतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो नियम बदलून, निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवण्याचे ठरले.

याउलट रणजी करंडकातील पहिल्या डावाच्या आघाडीबद्दल मला आदर वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात केरळने जम्मू-काश्मीरवर अवघ्या एका धावेची आघाडी घेतली (२८१ विरुद्ध २८०) व सामना अनिर्णित राहूनही केरळ पुढे गेले. पुढच्याच सामन्यात गुजरातवर दोन धावांची आघाडी! अंतिम सामन्यात मात्र नागपुरास विदर्भाने ३७ धावांची आघाडी घेऊन त्यांना तोच न्याय दाखवला. एका धावेवर निकाल कसला, असे कोणी म्हणेल. पण ती धाव अकरा जणांनी खेळून काढलेली असते आणि पहिल्या चेंडूपासून सर्वांना तिची किंमत माहीत असते. आघाडी मिळाल्यावर संघ नुसता वेळ काढतो, हा दोष मात्र कबूल केला पाहिजे. कबड्डीतही पूर्वी जादा वेळेनंतर बरोबरी राहिली, तर पहिला गुण घेणारा संघ विजयी ठरे. तेथेही हेच होई.

मला सर्वांत आवडली ती आपल्या खो-खोची तोड. अलाहिदा डावातही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण : दोन्ही संघांनी एकेकदा पाठलाग करायचा, पहिला गडी कमी वेळात बाद करील तो विजयी. परका खेळ नाही, नाणे नाही. बसलेले सारे गडी खो देण्यात गुंततात. घड्याळ तेवढे चोख हवे.

हेच कबड्डीत का आणू नये? पाच चढायांसाठी पाच वेगवेगळ्या गड्यांची नावे क्रमाने द्यावी लागतात. संघात असतात सात. मग सुवर्ण चढाईनंतर नाणे काढण्यापेक्षा उरलेल्या दोघांना पाठवावे, आणि तरीही बरोबरी राहिल्यास पुन्हा पहिल्यापासून, जोडीजोडीने, एक संघ पुढे जाईपर्यंत. दर जोडीला आधी जाण्याचा मान आलटून पालटून द्यावा. जो संघ एकाच नामांकित चढाईपटूवर उभा आहे, त्याची येथे बरोबर परीक्षा होईल. (आमचा संघ तसाच होता, हे सांगून टाकतो.)

हा विचार मी गावच्या मंडळाच्या एका जाणत्या कार्यकर्त्यापुढे मांडला. ते म्हणाले, “पहाटेचे तीन वाजलेले असतात, अंतिम सामना व्हायचा असतो, आणि जनरेटरचे भाडे तासावर चढत असते.” ही अडचण खरी आहे. पण चढाई तीस सेकंदांची. उरलेल्या दोन-दोन गड्यांच्या मिळून चार चढायांना दोन मिनिटे लागतात. त्या रात्री नाणे गवतात पडले, ते शोधायलाच तेवढा वेळ गेला होता.