दूरच्या गिऱ्हाइकास चित्र विकतांना

बीड येथें घरीं बसून काढलेलें चित्र आज इंटरनेटवरून मुंबईचें गिऱ्हाईकही विकत घेऊं शकतें. परंतु त्यास कागद हातानें चाचपून पाहतां येत नाहीं. त्याच्यापुढें असतें केवळ छायाचित्र आणि विकणाऱ्याचा शब्द.

वारली चित्रांचें उदाहरण घ्या. लग्नप्रसंगीं वारली स्त्रिया गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्रें रेखीत. पुढें तीं कागदावर व कापडावर उतरलीं. आतांच्या पालघर जिल्ह्यांतील जिव्या सोमा म्हसे यांनीं तीं परदेशांतही पोंचविलीं. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१४ सालीं या कलेची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदही झाली. तथापि त्याच आकृति यंत्रानें छापलेल्या वस्तूंवरही दिसतात, आणि हातचें कोणतें व छापील कोणतें हें पडद्यावर सहज ओळखत नाहीं.

म्हणून विकणाऱ्यानें चित्राची लांबी-रुंदी, कागद, रंग, आणि तें मूळ आहे कीं छापील प्रत, हें स्पष्ट लिहावें. छायाचित्र दिवसाच्या उजेडांत घ्यावें. मूळ रंगांहून तें भडक करूं नये. किंमत ठरवितांना साहित्याबरोबर श्रम, टपालखर्च व दलालीही धरावी. पालकहो, घासाघीस करतांना आपणही त्या श्रमांचा विचार करावा. एकदां फसलेलें गिऱ्हाईक पुढें प्रामाणिक चित्रकाराकडेही संशयानेंच पाहतें.