कुंपणाची छाटणी : दर कसा ठरवावा?

नाशिक शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वर मार्गावर वसलेले सातपूर हे मूळचे शेतीचे गाव. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा सातपूर तिच्यात समाविष्ट झाले. कारखान्यांबरोबर त्यांच्या आवारांत हिरवळ आली, मेंदी, कोयनेल व दुरांटा यांची जिवंत कुंपणे आली आणि ती राखणाऱ्या माळ्यांना व लहान कंत्राटदारांना कामही मिळाले.

या कामाचा दर बहुधा कुंपणाच्या लांबीवर, म्हणजे मीटरमागे, मागविला जातो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. कात्री चालते ती लांबीवर नव्हे, पृष्ठभागावर. १.२ मीटर उंच व ०.६ मीटर रुंद कुंपणाच्या दोन बाजू व माथा मिळून दर मीटर लांबीस ३ चौरस मीटर छाटणी होते. उंची १.८ व रुंदी ०.९ मीटर झाली की तीच छाटणी ४.५ चौरस मीटर, म्हणजे दीडपट होते. शिवाय घोडा वा शिडी लागते, ती निराळीच.

म्हणून दर सांगण्यापूर्वी दहा मीटर कुंपण प्रत्यक्ष छाटून वेळ मोजावा. समजा, पहिल्या प्रकारच्या कुंपणास एका माळ्याला ४० मिनिटे लागली. १०० मीटरला ४०० मिनिटे झाली. फांद्या गोळा करणे व झाडलोट यांची १६० मिनिटे धरता एकूण ५६० मिनिटे होतात. आठ तासांच्या दिवसाचा खर्च, भविष्य निर्वाह निधी व भरपगारी सुटी यांसह, हिशेबापुरता ७२० रुपये धरला तर मजुरी ८४० रुपये होते. कचरा नेणाऱ्या टेम्पोचे ४०० आणि पेट्रोल व कात्रीला धार लावणे यांचे ११० मिळविता १,३५० रुपये होतात. देखरेख व नफा यांसाठी २० टक्के, म्हणजे २७० रुपये, घातल्यास १,६२० रुपये. चौरस मीटरला ५ रुपये ४० पैसे. प्रत्येकाने यात आपल्या भागातील आकडे घालावेत; किमान वेतनाचे दर शासन वेळोवेळी सुधारते, तेव्हा चालू दरच घ्यावा.

आता कोणी हेच काम मीटरला ९ रुपयांनी, म्हणजे ९०० रुपयांत, मागितले तर? टेम्पो व पेट्रोल यांचे पैसे चुकत नाहीत. उरतात ३९० रुपये, आणि मजुरी तर ८४० आहे. तूट माळ्याच्या रोजातून निघते किंवा छाटणी अर्धवट राहते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्या कार्यालयाने, शाळेने अथवा ग्रामपंचायतीने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

सहा महिने दुर्लक्षिलेल्या कुंपणाचे लाकूड जून होते; त्याच्या पहिल्या छाटणीस स्वतंत्र दर असावा. वार्षिक करारात पावसाळ्यातील फेऱ्या अधिक, हिवाळ्यात कमी ठेवाव्यात. जास्वंद, तगर यांसारखी सुटी झुडपे नगावर मोजावीत. बोगनवेलीच्या काट्यांमुळे तिला वेळ जास्त लागतो. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हातमोजे द्यावेत, आणि तिच्या फांद्या शेळ्यांपुढे पडू देऊ नयेत. आवारातच खतखड्डा असेल तर टेम्पोचा खर्च वाचतो व तेवढा दर उतरविता येतो.

कुंपणाच्या ओळीत आपोआप उगवलेली झाडे मात्र या दरात धरू नयेत. शहरी भागात ती तोडण्याचा प्रश्न महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली येतो. कामास हात घालण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी मिळून लांबी, उंची व रुंदी फितीने मोजावी आणि ती मापे कार्यादेशात लिहावीत, म्हणजे देयकाच्या वेळी वाद होत नाही.