शेतांतील नत्र आणि घरची विहीर

पिकाला खत किती घालावें, याविषयीं आपल्या शेतकरी-वर्गांत पुष्कळ चर्चा होते. परंतु घातलेल्या खतापैकीं पिकानें किती घेतलें आणि उरलेलें कोठें गेलें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. शेतांत टाकलेली वस्तु शेतांतच राहते, अशी सर्वसाधारण समजूत असते. स्फुरदाच्या बाबतींत ती बरीचशी खरी आहे; नत्राच्या बाबतींत मात्र ती खरी नाहीं, आणि त्याची किंमत आपल्याला पैशानें व घरच्या आरोग्यानें अशी दुहेरी द्यावी लागते. म्हणून बागाईतदारांसाठीं, विशेषतः ऊंस लावणारांसाठीं, या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नत्राचा जमिनींतील प्रवास पाहूं. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. ओल्या जमिनींत युरिया पडला म्हणजे थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो. हा अमोनिया चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. काळ्या जमिनींत ही धारणशक्ति विशेष असते. पुढें कांहीं आठवड्यांत जमिनींतील सूक्ष्म जंतु त्याचें नायट्रेट करतात. बागाईत पिकांचीं मुळें बहुतेक नत्र याच रूपांत घेतात. तेव्हां हा फेरफार पिकाच्या हिताचाच आहे. अडचण इतकीच कीं, नायट्रेटाला मातीचे कण धरून ठेवीत नाहींत. तें पाण्यांत विरघळतें आणि पाणी जाईल तिकडे जातें. मुळांनीं वेळेवर उचललें तर तें पिकाच्या उपयोगीं पडतें; नाहीं तर पुढच्या पाळीच्या पाण्याबरोबर मुळांच्या खालीं उतरतें, आणि तेथून विहिरीची वाट त्याला मोकळीच असते.

नत्र हातचें जाण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. युरिया वर फेंकून उघडा ठेवला तर चुनखडीच्या जमिनींत त्याचा अमोनिया हवेंत उडून जातो. शेतांत पाणी तुंबलें तर नायट्रेटाचा वायु होतो व तोहि निघून जातो. या दोन वाटांनीं पैसा जातो. झिरपून गेलेलें नत्र पैसा नेऊन शिवाय पिण्याच्या पाण्यांत उतरतें.

किती उतरलें म्हणजे अपाय होतो, याचा हिशेब करून पाहूं. युरियाची आजची गोणी ४५ किलोंची; तींत नत्र सुमारें २०.७ किलो. त्या सर्वाचें नायट्रेट झालें तर तें सुमारें ९२ किलो भरतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमांहून अधिक नायट्रेट असूं नये. म्हणजे एका गोणीचें नायट्रेट सुमारें २० लक्ष लिटर निर्मळ पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन पोंचवितें. २० फूट व्यासाच्या विहिरींत २० फूट पाणी असलें तर तें सुमारें १ लक्ष ७८ हजार लिटर होतें. अशा अकरा विहिरींना एक गोणी पुरते. घातलेलें सगळें खत विहिरींत जातें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आडसाली उंसास शिफारशीचें सारें नत्र युरियानेंच दिलें तरी एकरीं पावणेआठ गोण्या लागतात, आणि कित्येक बागाईतदार त्याहून बराच अधिक युरिया टाकतात. त्यांतील थोडा अंश दरसाल खालीं उतरत राहिला, तरी घरच्या एका विहिरीला तो जड जाईल हें उघड आहे.

अशा पाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना. त्यांच्या पोटांत नायट्रेटाचें नायट्राइट होतें, तें रक्तांत मिसळून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी करतें, व मूल निळसर पडतें. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत डॉ. कॉम्ली यांनीं इ. स. १९४५ मध्यें हा विकार आणि विहिरीच्या पाण्यांतील नायट्रेट यांचा संबंध प्रथम दाखवून दिला. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. तुरटीनेंहि तें बसत नाहीं. रंग, वास, चव यांवरूनहि तें ओळखतां येत नाहीं.

कोणी म्हणतील, “आमच्या वाडवडिलांनीं याच विहिरीचें पाणी जन्मभर प्यालें.” तें खरें, परंतु त्यांचें खत म्हणजे शेणखत व पेंड. त्यांतील नत्र हळूहळू सुटे, आणि एकंदर प्रमाणहि अल्प असे. आजची स्थिति निराळी आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या इ. स. २०२४ च्या अहवालाप्रमाणें देशांतील भूजलाच्या सुमारें पांचव्या हिश्शाच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेहून अधिक आढळलें. महाराष्ट्रांत हें प्रमाण एक-तृतीयांशाहूनहि अधिक होतें. याला खताबरोबरच सांडपाणी, शौचखड्डे व गोठेहि कारण आहेत. तथापि आपल्या हातचें जें कारण आहे, त्याचा बंदोबस्त आपणच केला पाहिजे.

येथें पाण्याचा विचार खतापासून वेगळा करतां येत नाहीं. नीरेचा डावा कालवा इ. स. १८८५ मध्यें सुरू झाला, आणि इ. स. १९१० मध्यें पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांना नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास करावा लागला. निचरा नसतां दिलेलें अतोनात पाणी क्षार वर आणतें. आणि निचऱ्याच्या जमिनींत तेंच अतोनात पाणी नायट्रेट खालीं नेतें. पाणी मोजून न देणारा बागाईतदार खत कितीहि काळजीनें घालो, त्याचें नत्र त्याच्या हातीं राहणार नाहीं.

आतां उपाय सांगतों. ते खर्चाचे नाहींत, नियमाचे आहेत.

१. माती तपासल्यावांचून मात्रा ठरवूं नये. इ. स. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना आहे. पत्रिका घेऊन ती कपाटांत न ठेवतां तीवरून खताचा हिशेब करावा.

२. नत्र एकदम न देतां विभागून द्यावें. सुरू उंसास राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची शिफारस हेक्टरीं २५० किलो, म्हणजे एकरीं १०० किलो नत्राची आहे. त्यापैकीं लागणीच्या वेळीं १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनीं ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनीं १० टक्के व मोठ्या बांधणीच्या वेळीं ४० टक्के द्यावें. सर्व नत्र युरियानें द्यावयाचें तर एकरीं पांच गोण्यांस थोडा कमी युरिया लागतो. लागणीच्या वेळीं मुळें लहान असतात; तेव्हां दिलेली जादा गोणी ऊंस खाऊं शकत नाहीं, पाणी मात्र नेऊं शकतें.

३. युरिया सरींत देऊन मातीनें झांकावा व हलकें पाणी द्यावें. मोठ्या पावसाचा रंग दिसत असतां किंवा शेतांत पाणी तुंबलें असतां तो टाकूं नये. ठिबकाची सोय असल्यास थोडा थोडा युरिया पाण्यांतूनच द्यावा. मात्र ठिबकहि गरजेपुरतेंच चालवावें.

४. शेणखतांतील नत्र हिशेबांत धरावें. चांगल्या १० टन शेणखतांत सुमारें ५० किलो नत्र असतें. तें सगळें पहिल्या वर्षीं मिळत नसलें तरी दरसाल शेणखत घालणाराला युरिया कमी करतां येतो. ताग गाडला असल्यास त्याचेंहि नत्र धरावें. पाचट जाळूं नये. तें कुजून जमिनींत मिसळलें म्हणजे तिची धारणशक्ति वाढते.

५. उकिरडा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. गोठ्याचें मूत्र विहिरीकडे वाहूं न देतां खड्ड्यांत घ्यावें. जुना उकिरडा विहिरीच्या वरच्या बाजूस असला तर युरिया मुळींच न वापरणाऱ्याचें पाणीहि दूषित होऊं शकतें.

६. स्फुरद झिरपत नाहीं, पण मातीबरोबर वाहून जातो. तो तळ्यांत पोंचला म्हणजे शेवाळ व जलपर्णी माजते. यास्तव बांध नीट ठेवावे आणि ओढ्याच्या कडेस गवताचा पट्टा राखावा.

शेवटीं एक सूचना. विहिरीचें पाणी वर्षांतून दोनदां, वैशाखांत व कार्तिकांत, तपासून घ्यावें आणि आंकडा वहींत लिहावा. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर त्या पाण्यांत तान्ह्या मुलाचें दूध कालवूं नये. मुलासाठीं दुसरें तपासलेलें पाणी आणावें. तोच आंकडा शेतालाहि उपयोगी आहे. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १ लक्ष लिटर. ४५ मिलिग्रॅम नायट्रेटाच्या अशा पाण्याबरोबर सुमारें १ किलो नत्र शेतांत येतें. वर्षांत विहिरीचें ४० इंच पाणी दिलें तर ४० किलो नत्र, म्हणजे जवळजवळ दोन गोण्या युरियाइतकें. त्यांतील सर्व पिकाला मिळत नाहीं, तरी युरियाची मात्रा ठरवितांना तें अवश्य विचारांत घ्यावें. तें आपणच पूर्वीं विकत घेतलेलें नत्र आहे. तें विहिरींत साठूं देण्यापेक्षां पिकाच्या मुखीं घालणें, हेंच आपल्या जमिनीच्या, गांठीच्या व घरांतील लेंकरांच्या हिताचें आहे.