मंत्रचळ आणि साथीची भीती

हैदराबाद

चि. भाचीस,

साथीची भीती आणि मंत्रचळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी भीती साथ ओसरली की ओसरते. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, नकोशी शंका मनात शिरते आणि हटत नाही. ती शमवायला हात धुणे, तपासणे, तेच ते विचारणे पुन्हा पुन्हा करावे लागते. धुतल्यावर क्षणभर जिवाला बरे वाटते आणि इथेच मेख आहे. संकट धुण्यामुळेच टळले, असे मन शिकते. मग पुढची शंका लवकर येते आणि अधिक धुणे मागते.

साथीत हे चक्र ओळखणे अवघड जाते, कारण धुण्याचा सल्ला सगळेच देत असतात. तेलंगणातला पहिला कोरोना रुग्ण २ मार्च २०२० रोजी हैदराबादेत आढळला. पुढे घरोघरी दुधाच्या पिशव्या आणि भाज्याही धुतल्या जाऊ लागल्या. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे स्पष्ट झाल्यावर बहुतेकांची ती सवय सुटली; मंत्रचळ असलेल्यांना ती सोडणे कठीण गेले. साबणाने २० सेकंद हात धुणे ही खबरदारी. धुऊन झाल्यावर ‘नीट धुतले ना?’ म्हणून पुन्हा पुन्हा नळ सोडणे हा मंत्रचळ. रुग्णांचे आकडे तासातासाला पाहणे हेही त्यातलेच.

खबरदारीचे माप रोगाच्या मार्गावरून ठरते. याच शहरात, बेगमपेठेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले. ज्या तापाचे खापर पूर्वी दूषित हवेवर फुटत असे, त्याचा वाहक डास निघाला. नल्लाकुंट्याच्या फिव्हर हॉस्पिटलला आज रॉस यांचेच नाव आहे. मार्ग कळला की भीतीला सीमा पडते: हिवतापाला मच्छरदाणी, पटकीला उकळलेले पाणी, कोरोनाला मास्क आणि खेळती हवा. मंत्रचळाला ही सीमा पुरत नाही. त्याला शंभर टक्के खात्री हवी असते आणि ती कोणत्याही रोगाबाबत मिळत नाही.

म्हणून उपचार खात्री देत नाहीत, खात्रीवाचून राहायला शिकवतात. मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्ण भीतीला पायरीपायरीने सामोरा जातो. उदाहरणार्थ, दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुणे लांबवायचे. अस्वस्थता आधी वाढते, पण न धुताही ती आपोआप उतरते, हे अनुभवाने कळते. गरजेप्रमाणे औषधांचीही जोड मिळते. ती मनाने बंद करू नयेत.

घरच्यांनी ‘हात स्वच्छ आहेत’ असा दिलासा वारंवार देऊ नये. त्याने चक्राला खतपाणी मिळते. रागावूही नये, कारण हा हट्ट नाही, आजार आहे. धुण्या-तपासण्यात दिवसाचा तासभर जाऊ लागला किंवा अभ्यास, झोप, जेवण बिघडले, तर मदत घ्यावी. एरागड्ड्याला सरकारी मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे. मदत मागण्यात लाज मानू नये.

तुझा,
मामा